माणच्या माळावर ऑलिव्ह लावू का?

दोन महिन्यांपूर्वी या सदरात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहिलं होतं की राजस्थानात बिकानेरजवळ ऑलिव्हच्या सरकारी बागा आहेत आणि तिथे तेलही काढतात. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की हा अंक ऑलिव्हलाच दिला आहे. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. ते मी लांबू दिलं, कारण त्यात एका घराचे साठवलेले पैसे आहेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. माण तालुक्यात म्हसवडजवळ आमची साडेचार एकर माळाची जमीन आहे. मुरमाड, खाली चुनखडी. डाळिंब होतं, ते तेल्या आणि मर रोगाने गेलं. आता एक नर्सरीवाले गावात येऊन गेले. ऑलिव्हचं रोप ३८० रुपयांना, एकरी २५० रोपं, चौथ्या वर्षापासून फळ, आणि पंधरा वर्षं फळ विकत घेण्याचा करार. सव्वाचार लाखांच्या वर खर्च आहे. ते म्हणतात, राजस्थानच्या वाळवंटात येतं तर माणमध्ये का नाही येणार? मुलाने मोबाइलवर दाखवलं की दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात आपल्याच अक्षांशावर ऑलिव्ह पिकतं. डाळिंबाला देतो तसा ताण देऊन बहार धरता येईल का? इसार देऊ का?
— एक शेतकरी, म्हसवड, जि. सातारा

उत्तर : दादा, पत्र मिळालं त्याच दिवशी फोन करून मी तुम्हाला इसार थांबवायला सांगितलं. आता कारण सविस्तर सांगते, म्हणजे तुम्ही ते नर्सरीवाल्यांसमोर आणि गावातल्या इतरांसमोर मांडू शकाल.

तुमची जमीन ऑलिव्हला आवडेल. मुरमाड, निचऱ्याची, चुनखडीची जमीन या झाडाला मानवते. थोडं खारं पाणी ते सोसतं. पाण्याचा तुटवडाही आंब्या-चिकूपेक्षा बरा सोसतं. रोपं लावलीत तर ती जगतील, वाढतील, चंदेरी पानांची सुंदर रांग उभी राहील. माझी भीती तिथेच आहे. झाड मेलं तर शेतकरी दुसऱ्या वर्षी सावध होतो. झाड हिरवंगार राहिलं आणि मोहोरच आला नाही, तर तो आठ-दहा वर्षं वाट पाहत बसतो, ठिबक चालू ठेवतो, खत घालतो.

ऑलिव्हला मोहोर यायला थंडी लागते. हिवाळ्यातले काही आठवडे रात्री चार-पाच अंशांवर आणि दिवसा पंधरा-अठराच्या आसपास गेले, तर पानांच्या बगलेतल्या डोळ्यांतून वसंतात मोहोर फुटतो. थंडी कमी पडली की तेच डोळे झोपून राहतात किंवा नुसती पालवी देतात. रात्री थोडी थंडी पडून दिवसा पारा तिशीकडे गेला, तर रात्रीची कमाई दिवसा वाया जाते. माणच्या डिसेंबर-जानेवारीत नेमकं हेच होतं. पहाटे शेकोटी लागते, पण दुपारी तुम्ही सदऱ्याची बाही वर करता.

बिकानेरचं वाळवंट या बाबतीत वेगळं आहे. मी २०१५ च्या ऑगस्टमध्ये लूणकरणसरला गेले होते. बिकानेरहून श्रीगंगानगरच्या रस्त्यावर साधारण सत्तर-ऐंशी किलोमीटरवर ते गाव आहे. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी तिथे पोचलेलं आहे आणि भुईमूग इतका होतो की लोक त्याला राजस्थानचं राजकोट म्हणतात. मे-जूनमध्ये तिथे सत्तेचाळीसच्या वर ऊन जातं, ते सगळ्यांना माहीत असतं. जानेवारीत तिथल्या रात्री पाच-सहा अंशांवर येतात आणि दिवसही गार राहतो, याचा विचार आपल्याकडे कुणी करत नाही. ऑलिव्हने तिथे तग धरला तो या थंडीवर. वाळूचा आणि उन्हाचा त्यात फारसा वाटा नाही.

ही सगळी कल्पना इस्राएलहून आली. २००७ साली ‘राजस्थान ऑलिव्ह कल्टिव्हेशन लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात राजस्थानचं कृषी पणन मंडळ, पुण्याची फिनोलेक्स प्लासन आणि इस्राएलची इंडोलिव्ह असे तिघे भागीदार होते. ठिबकचा भाग पुण्याचा, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. २००८ मध्ये इस्राएलहून सुमारे १ लाख १२ हजार रोपं आणली आणि सात सरकारी शेतांवर मिळून १८२ हेक्टरांत लावली. जयपूरजवळचं बस्सी, नागौरमधलं बाकलिया, बिकानेरचं लूणकरणसर, तसंच श्रीगंगानगर, जालोर, अलवर आणि झुंझुनू जिल्ह्यांतली शेतं. सात जाती होत्या : आर्बेक्विना, बार्निया, कोराटिना, फ्रांतोयो, कोरोनेइकी, पिकोलीन आणि पिकुआल. सात वेगवेगळ्या हवामानांत सात जाती लावून पाहणं, हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं असं मला वाटतं. शेतकऱ्याच्या पैशावर पहिला प्रयोग झाला नाही.

लूणकरणसरच्या रांगांमधून मी एक पूर्ण सकाळ हिंडले. एका झाडाच्या फांद्या फळांनी वाकलेल्या आणि त्याच रांगेतलं, त्याच जातीचं, त्याच ड्रिपरचं पाणी पिणारं शेजारचं झाड रिकामं. वर्षाआड फळणं हा ऑलिव्हचा जुना स्वभाव आहे, भूमध्य समुद्राकाठीही तो सुटलेला नाही. पण थंडी काठावर असली की हा स्वभाव जास्त जाचतो. लूणकरणसर साधारण साडेअठ्ठावीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. जगातल्या बहुतेक ऑलिव्ह बागा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या पट्ट्यात आहेत. म्हणजे लूणकरणसर उंबरठ्याबाहेर पायरीवर बसलेलं आहे, आणि म्हसवड साडेसतरा अंशांवर, पार वेशीबाहेर.

आता तुमच्या मुलाने दाखवलेला पेरू देश. मुलाचं मला कौतुक वाटलं, कारण हा प्रश्न मला शिकवण्याच्या काळातही फार थोड्या विद्यार्थ्यांनी विचारला. पेरूतल्या टाक्ना भागात खरंच ऑलिव्ह पिकतं आणि तो भाग अठरा अंश दक्षिण अक्षांशावर आहे. पण त्याच्या किनाऱ्याला लागून हम्बोल्ट नावाचा थंड पाण्याचा समुद्रप्रवाह वाहतो. तो हवा गार ठेवतो, म्हणून हिवाळा पुरेसा थंड जातो. एल निनोच्या वर्षी तिथलं समुद्राचं पाणी तापतं, हिवाळा उबदार जातो, आणि त्या वर्षी टाक्नाच्या बागा मोहोराला मुकतात. जमीन तीच, झाड तेच, पाणी तेच. हे एकच उदाहरण नर्सरीवाल्यांना सांगा. अरबी समुद्र आपल्याला तशी थंडी देत नाही.

ताणाचं तुम्ही विचारलंत, ते अगदी आपल्या मातीतलं विचारलंत. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने बहार आपल्या मुठीत आणला आहे. डाळिंबाचं पाणी तोडायचं, पानगळ करायची, पाणी सोडलं की कळी. लिंबाला, संत्र्याला ताण. द्राक्षाला एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि डोळे फुटायला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, म्हणजे काडीच्या डोळ्यांना ते रसायन लावणं. यावरूनच लोक म्हणतात की द्राक्षही थंड मुलखातलं, तेही आपण पिकवलं. पण द्राक्षाच्या काडीत घड तयार होतो तो एप्रिल छाटणीनंतरच्या उन्हात. थंडीचं काम तिथे डोळे जागे करण्यापुरतं, ते पेस्टिंगने भागतं. ऑलिव्हच्या बाबतीत पाणी तोडून किंवा कशाचं पेस्टिंग करून थंडीची जागा भरून काढता येत नाही. ताण दिलात तर पानं गुंडाळतील, वाढ थांबेल, पाणी दिल्यावर पालवी येईल. मोहोर येणार नाही.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. २००९ मध्ये मी स्वतः दोन रोपं विकत घेतली होती. “महाराष्ट्रात हमखास फळणारी जात” असं सांगून मला ती विकली गेली, आणि फळबागशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेलं असूनही मला तेव्हा मोह झाला. राहुरीच्या घरामागे लावली. एक काळ्या मातीत पाणी साचून चौथ्या पावसाळ्यात मुळं कुजून गेलं. दुसरं अजून आहे, पत्र्याच्या वर गेलं आहे. त्याला इतक्या वर्षांत एकदाच फूल आलं. २०१८ च्या डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली होती, निफाडला पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता, द्राक्षवाल्यांनी बागांत शेकोट्या पेटवल्या होत्या. त्यानंतरच्या मार्चमध्ये माझ्या झाडाच्या उत्तरेकडच्या फांदीवर पांढऱ्या बारीक फुलांचे चार तुरे आले. मी त्या चार तुऱ्यांसमोर रोज सकाळी जाऊन उभी राहायचे. आठवड्यात ते गळून गेले. ऑलिव्हचा पराग वाऱ्याने उडतो आणि बऱ्याच जातींना शेजारी दुसऱ्या जातीचं झाड लागतं. ते माझ्याकडे नव्हतं. त्यानंतर आजपर्यंत एक कळी नाही.

आता करार. समजा, देवाच्या कृपेने फळ आलंच. ऑलिव्हचं फळ झाडावरून उतरलं की चोवीस तासांच्या आत घाण्यात जावं लागतं. पोत्यात ढीग करून ठेवलं की ते आतून तापतं, आंबतं, आणि तेलाला कुबट वास लागतो. लूणकरणसरचा घाणा म्हसवडहून दीड हजार किलोमीटरच्या घरात आहे. मग फळ विकत घेणारे ते नेणार कुठे? करारात घाण्याचं गाव लिहिलेलं नसेल, तर त्या कराराने तुम्हाला काहीही मिळत नाही. त्यांना एवढंच विचारा की महाराष्ट्रात फळांनी लगडलेलं एक झाड दाखवा. फोटो नको, झाड दाखवा. आपण दोघं मिळून जाऊ, मी माझ्या खर्चाने येते.

साडेचार एकरांचं काय करायचं, हे मी ऑलिव्हच्या उत्तरात घुसडणार नाही. मर रोग झालेल्या जमिनीत लगेच डाळिंब नको, एवढं मात्र आत्ताच सांगते. माती तपासून घ्या. सीताफळ, बोर आणि शेवगा यांचा विचार करा. तेलबीच हवं असेल तर रब्बीत थोड्या क्षेत्रावर करडई घ्या. करडईची मुळं खोल जातात, जमिनीतल्या ओलीवर ती निघते, आणि लाकडी घाण्याच्या करडई तेलाला आता शहरातून मागणी आहे. तुमच्या आजोबांनी ती केलीच असेल.

प्रश्न : मी लग्नानंतर गेली बावीस वर्षं जयपूरला आहे. इथे राजस्थानच्या ऑलिव्हचं फार ऐकते. आमच्याकडे फळ पावसाळ्यात उतरतं, स्पेन-इटलीत म्हणे ते थंडीत उतरतं. मग दोन्ही तेलं सारखीच असतात का? आणि लूणकरणसरच्या घाण्याला सगळे रिफायनरी का म्हणतात?
— एक वाचक, जयपूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाने सुरुवात करते, कारण तो शब्द मलाही खटकतो. लूणकरणसरचा कारखाना ३ ऑक्टोबर २०१४ रोजी तेव्हाच्या मुख्यमंत्री वसुंधरा राजे यांच्या हस्ते सुरू झाला आणि बातम्यांमध्ये तो ‘रिफायनरी’ म्हणूनच आला. रिफायनरीत तेल तापवून, रसायनांनी धुऊन, त्याचा रंग-वास काढतात. चांगलं ऑलिव्ह तेल त्या वाटेने जातच नाही. ते फळाचा रस आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळतं. आपला तीळ, शेंगदाणा कोरडा असतो, घाण्यात त्याच्यावर वरून पाण्याचा हबका मारावा लागतो. ऑलिव्हच्या फळात मात्र निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. म्हणून फळ धुऊन बियांसकट चिरडतात, तो लगदा अर्धा-पाऊण तास हळूहळू घुसळतात, म्हणजे तेलाचे बारीक थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात, आणि मग गरगर फिरणाऱ्या यंत्रात तेल, पाणी आणि चोथा वेगळे होतात. ताकातून लोणी काढताना आपण जे करतो त्याच्या जवळचं काम आहे हे, तेल पिळण्यापेक्षा. घुसळताना लगदा सत्तावीस अंशांच्या वर जाऊ दिला नाही तरच ‘कोल्ड एक्स्ट्रॅक्शन’ असं लिहिता येतं. सहा ते दहा किलो फळातून एखादं लिटर तेल मिळतं.

मी गेले त्या दिवशी बाहेर चाळीस अंश होतं. फळ पहाटे उतरवून जाळीच्या क्रेटमधून आणत होते. घाण्याच्या खोलीत शिरल्यावर वास आला तो तेलाचा नव्हता. टोमॅटोचं पान चुरगाळल्यावर येतो तसा, कापलेल्या हिरव्या गवतासारखा. मी दारातच थांबले. युरोपात नोव्हेंबरमध्ये फळ गारठलेलं येतं आणि लगदा थोडा कोमट करावा लागतो. इथे फळ शेतातूनच गरम येतं. एकाच यंत्रासमोरची ही उलटी अडचण आहे, आणि तिथली माणसं ती पहाटेच्या वेळा पाळून सोडवत होती.

आता तेलाचं. भूमध्य समुद्राकाठी मोहोर मे महिन्याच्या सुमाराला येतो आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबर-जानेवारीत उतरतं. म्हणजे फळात तेल भरतं ते हवा निवत जात असताना. राजस्थानात मोहोर फेब्रुवारी-मार्चमध्ये, फळ जुलै ते सप्टेंबर. तेल भरतं ते भर उन्हाळ्यात. याचा परिणाम होतो. अर्जेंटिनाच्या वायव्येकडच्या कॅटामार्का, ला रिओहा या उष्ण प्रांतांत स्पेनची आर्बेक्विना लावली, तेव्हा ऑलिव्ह तेलाचा मुख्य घटक असलेलं ओलेइक आम्ल तिच्या तेलात आंतरराष्ट्रीय मानकातल्या किमान ५५ टक्क्यांच्याही खाली आल्याचं आढळलं. तेलात भेसळ नव्हती, झाड अस्सल आर्बेक्विनाचंच होतं, फक्त फळाने ऊन जास्त खाल्लं होतं. म्हणून उष्ण मुलखात जात निवडताना फळ किती येतं यासोबत तेल कसं येतं हेही पाहावं लागतं. कोरोनेइकी आणि कोराटिना या जाती उन्हात आपला गुण आर्बेक्विनापेक्षा बऱ्या राखतात, असा बऱ्याच ठिकाणचा अनुभव आहे.

तुमच्याकडचं तेल ‘राज’ या नावाने २०१६ मध्ये बाजारात आलं आणि त्याच्या पुढच्या वर्षी ऑलिव्हच्या पानांचा चहाही आला. पानांचा विचार मला फार पटतो. फळ वर्षाआड रुसतं, छाटणीची पानं दर वर्षी निघतात. काठावरच्या हवामानात एवढं मोठं झाड सांभाळायचं, तर त्याचं जे नेमाने मिळतं त्याचा उपयोग करायलाच हवा.

प्रश्न : मुलगा सुट्टीत ग्रीसला गेला होता, क्रीट बेटावरच्या एका छोट्या घाण्यावरून त्याने तेलाचा डबा आणला. पावाला लावून खाल्लं तर घशात मिरचीसारखं झोंबलं, दोनदा खोकला आला. तेल खराब आहे का? फोडणीला वापरू का?
— एक आजी, नाशिक रोड

उत्तर : आजी, तेल उत्तम आहे. जिभेवर कडसर आणि घशात झोंबणारं, ही ताज्या, हिरव्या फळाच्या तेलाची खूण आहे. झोंबणाऱ्या द्रव्याचं नाव ओलिओकॅन्थाल. ते घशात आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधासारखं झोंबतं हे लक्षात आल्यावर अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याचा पाठपुरावा केला, आणि २००५ मध्ये त्या दोघांचा शरीरातला परिणामही मिळताजुळता असल्याचं प्रसिद्ध केलं. एवढ्यावरून त्याला औषध समजू नका, पण खोकल्याने घाबरूही नका.

फोडणी चालेल. एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे रिफाइन न केलेलं वरच्या प्रतीचं तेल १९० ते २०० अंशांच्या आसपास धुरायला लागतं आणि मोहरी त्याच्या आधीच तडतडते. पण एवढ्या लांबून, हातात धरून आणलेलं तेल मी तरी फोडणीत घालणार नाही. भाकरीवर मीठ-लसणाच्या चटणीवर सोडा. काकडीच्या कोशिंबिरीवर घाला. गरम वरणावर तुपाच्या जागी एकदा घालून पाहा, मला ते आवडलं. डबा उघडल्यापासून दोन-तीन महिन्यांत संपवा, गॅसपासून आणि खिडकीपासून दूर ठेवा. उरलं तर जपून ठेवू नका. हे तेल वाईनसारखं मुरत नाही, दिवसागणिक शिळंच होत जातं.

प्रश्न : आपल्या सह्याद्रीत रानऑलिव्ह आहे असं ट्रेकला गेल्यावर एकाने सांगितलं. खरं आहे का?
— विद्यार्थिनी, कऱ्हाड

उत्तर : खरं आहे. त्याला पारजांब म्हणतात, शास्त्रीय नाव ओलिया डायोइका. महाबळेश्वरच्या, माथेरानच्या रानात तुम्ही त्याच्या सावलीतून गेला असाल. ऑलिव्हच्याच प्रजातीगटातलं, पण तेलाच्या दृष्टीने उपयोगाचं नाही. फळ बारीक, पक्ष्यांचं. खऱ्या ऑलिव्हचा आपल्या देशातला सगळ्यात जवळचा रानटी भाऊ हिमाचल, जम्मूच्या डोंगरांत आहे, त्याला तिकडे काहू म्हणतात. त्याच्यावर कलम बांधून ऑलिव्ह करण्याचे प्रयत्न तिथे आणि पाकिस्तानातही झाले आहेत.

आणि घरातलं नातं सांगायचं तर मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक ही सगळी ऑलिव्हच्याच कुळातली. माझ्या राहुरीच्या झाडाचे ते चार तुरे पाहिले तेव्हा पहिल्यांदा जाईचीच आठवण झाली होती.

प्रश्न : माझे यजमान लष्करात आहेत, सध्या आम्ही बिकानेरला. ऑगस्टमध्ये ओळखीच्या एका शेतकऱ्याने चार किलो ताजी ऑलिव्ह दिली. मी आपलं कैरीचं करते तसं मसाला, मोहरी, तेल घालून लोणचं केलं. दोन महिने झाले तरी तोंडात धरवत नाही इतकं कडू! पुढच्या वर्षी पुन्हा देणार आहेत. काय चुकलं?
— एक गृहिणी, बिकानेर

उत्तर : तुमचा मसाला चुकला नाही, क्रम चुकला. ऑलिव्हच्या कच्च्या फळात ओल्युरोपीन नावाचं फार कडू द्रव्य असतं. ते पाण्यात विरघळून बाहेर येतं. तुम्ही फळावर तेलाचा थर दिलात आणि कडूपणाला बाहेर पडायची वाटच बंद केली. लिंबाचं लोणचं मुरता मुरता कडूपणा सोडतं, कारण त्याला स्वतःचा रस सुटतो. ऑलिव्हचा गर घट्ट असतो, त्याला पाणी आपण द्यावं लागतं. कारखान्यात हे काम कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने काही तासांत करतात. घरात लहान मुलं असताना तो मार्ग नको.

पुढच्या ऑगस्टला असं करा. फळ हिरवं, टणक निवडा, जांभळट मऊ झालेली बाजूला काढा. प्रत्येक फळ वरवंट्याने हलकेच ठेचा, फुटलं पाहिजे पण चुरा व्हायला नको, किंवा सुरीने दोन बाजूंनी चिरा द्या. हातांना काळपट डाग पडतात, जुनी साडी नेसून बसा. मग सगळं साध्या पाण्यात बुडवून ठेवा. स्टीलच्या, ॲल्युमिनियमच्या भांड्यात नको, चिनी मातीची बरणी किंवा काच बरी. फळं वर तरंगतात, म्हणून वर ताटली ठेवून त्यावर वजन ठेवा, हवेला उघडं पडलेलं फळ काळं पडतं. पाणी रोज सकाळी बदला. तुमच्याकडे पाण्याची चणचण असते हे मला माहीत आहे. ते ओतलेलं पाणी कडू असतं, तरी पायऱ्या-अंगण धुवायला चालतं.

दहाव्या दिवसापासून रोज एक फळ चावून पाहा. कडूपणा पूर्ण जात नाही आणि जाऊही नये, मेथीच्या भाजीइतका राहू द्या. बहुधा बारा ते पंधरा दिवस लागतात. मग एक लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मीठ आणि एक वाटी व्हिनेगर, त्यात फळं बुडवून बरणी फ्रिजमध्ये ठेवा. तीन आठवडे तरी उघडू नका. लसूण, ओवा, एखादी सुकी लाल मिरची त्या पाण्यातच टाका. खायच्या आदल्या रात्री हवी तेवढीच बाहेर काढा, निथळा, आणि तेव्हा वरून मोहरीची फोडणी द्या. तेल शेवटी, एवढं सांभाळलंत की झालं.

जांभळट काढलेली फळं टाकू नका. ती न ठेचता जाड्या मिठात थर देऊन टोपलीत ठेवा, खाली परात, म्हणजे सुटलेलं काळं पाणी निथळेल. रोज हलवा. चार-सहा आठवड्यांत सुरकुतून मनुकांसारखी होतात. बिकानेरची कोरडी हवा याला माझ्या राहुरीपेक्षा कितीतरी चांगली आहे. जमलं तर मूठभर मला पोस्टाने पाठवा. माझ्या झाडाची तर अजून खाल्ली नाहीत.